‘ग्रेट जॉब’ला ‘छे छे, काहीच नाही’ म्हणताय?

मांजरी बुद्रुकला राहणारी माझी मावसबहीण नदीपलीकडे खराडीतल्या एका कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका ग्राहकाच्या हिशेबात मोठा घोळ झाला होता. तिनं सलग चार रात्री जागून तो सोडवला. शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलवर पलीकडच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘ग्रेट जॉब! यू रिअली सेव्ह्ड द डे.’ बहिणीनं मान खाली घातली आणि घरी जे शिकली तेच इंग्रजीत बोलली, ‘नो नो मॅम, इट वॉज नथिंग. टीम डिड एव्हरीथिंग.’

मार्चमधल्या वार्षिक मूल्यमापनात ‘पुढाकार’ या रकान्यात तिला मधलाच शेरा मिळाला. तिनं जाऊन विचारलं. साहेब काही दुष्ट नव्हते. ते सरळ म्हणाले, ‘तूच कॉलवर म्हणालीस ना, विशेष काही नव्हतं म्हणून?’

त्या रविवारी ती मला म्हणाली, ‘दादा, मी नम्रपणे बोलले की खोटं बोलले, तेच मला कळेना.’

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मराठीत जे उत्तर सुसंस्कृत ठरतं, तेच शब्दशः इंग्रजीत गेलं की कबुलीजबाब होतो. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते समजून घेऊ.

मांजरीतच हा प्रश्न आत्ता का?

मांजरी हे पुण्याच्या पूर्वेचं, मुळा-मुठेकाठचं गाव. नदीच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. ऊस, भाजीपाला आणि द्राक्षं ही त्याची जुनी ओळख. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथेच आहे, १९९७ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच. करोनाच्या साथीत सीरम इन्स्टिट्यूटमुळे मांजरीचं नाव देशाबाहेर पोचलं. २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात मांजरी बुद्रुक होतं. एका बाजूला मगरपट्टा, दुसऱ्या बाजूला खराडी. त्यामुळे सकाळी उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेली मुलगी तासाभरात लंडन किंवा शिकागोच्या माणसाशी बोलत असते.

तिचं इंग्रजी कच्चं नसतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. त्याआधी मराठी माध्यमात तो पाचवीपासून होता. पण दोन्ही पिढ्यांनी इंग्रजी वाक्प्रचार शिकले ते गुणांसाठी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चा वाक्यात उपयोग करा, दोन गुण. कुणी आपल्याला ‘यू नेल्ड इट’ म्हटलं तर चेहरा कसा ठेवायचा आणि पुढचं वाक्य काय, हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता.

दोन भाषांतली नम्रता वेगळी आहे का?

मूळ पेच सगळीकडे एकच आहे. अमेरिकी संशोधक अनिता पॉमरांत्झ यांनी १९७८ मध्ये तो नेमका मांडला. समोरचा आपली स्तुती करतो तेव्हा आपण दोन नियमांच्या कात्रीत सापडतो. एक नियम सांगतो, समोरच्याचं म्हणणं मान्य करा. दुसरा सांगतो, स्वतःची स्तुती करू नका. मान्य करावं तर आत्मस्तुती होते, नाकारावं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं. पुढे १९८३ मध्ये ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी सौजन्याची जी सूत्रं सांगितली, त्यातही विनय आणि सहमती ही दोन वेगवेगळी सूत्रं आहेत.

फरक पडतो तो पारडं कुठे झुकतं यात. मराठी घरात ते विनयाकडे झुकतं. ‘साडी सुंदर आहे हो!’ म्हटलं की ‘अहो, जुनीच आहे.’ ‘पोळ्या मऊसूत झाल्यात’ म्हटलं की ‘कसल्या, आज कणीकच बिघडली.’ आणि मोठ्यांनी कौतुक केलं तर ‘तुमचाच आशीर्वाद.’ यात कुणी कुणाला फसवत नाही. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा नकार नाही. तो लगेच म्हणतो, ‘काहीतरीच काय, खरंच छान झाल्यात.’ म्हणजे मराठीत कौतुक हा दोन-तीन फेऱ्यांचा खेळ आहे.

ऑफिसच्या इंग्रजीत साधारण एकच फेरी होते. तिथे पारडं सहमतीकडे झुकतं. ‘थँक यू’ म्हणजे ‘मी थोर आहे हे मला पटलं’ असं नाही. ‘तुम्ही हे बोललात, ते मला पोचलं’ एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ‘इट वॉज नथिंग’ म्हणालात की समोरचा दुसरी फेरी खेळत नाही. तो ‘ओके’ म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. बहिणीच्या बाबतीत हेच झालं. ती दुसऱ्या फेरीची वाट बघत होती.

तरी इंग्रज-अमेरिकी माणसं कौतुक झेलण्यात फार तरबेज असतात असंही समजू नका. ‘हा ड्रेस ना? सेलमध्ये मिळाला’ हे वाक्य त्यांच्याकडेही रोज ऐकू येतं.

कौतुकाची आपल्याला भीती का वाटते?

याचं अर्धं उत्तर आपल्या वाक्प्रचारांत आहे. मराठीत कौतुकाबद्दल जितके शब्द आहेत, त्याहून कौतुकाच्या संशयाबद्दल अधिक असावेत. सगळ्यात देखणा म्हणजे ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’. हरभऱ्याचं झाड ते केवढं, गुडघ्याएवढं! चढणारा पडणार हे ठरलेलंच. शिवाय मस्का लावणे, लोणी लावणे, तोंडपुजेपणा, गोडवे गाणे हे आहेतच. आणि स्वतःबद्दल बोलायला गेलात तर आपलाच ढोल बडवणे, आपली आरती आपणच ओवाळणे.

इंग्रजीतही हा संशय आहे आणि गंमत म्हणजे चित्रंही तीच आहेत. त्यांचं ‘बटरिंग अप’ म्हणजे आपला मस्काच. त्यांचा ‘ब्लोइंग युअर ओन ट्रम्पेट’मधला कर्णा म्हणजे आपला ढोल.

दुसरं कारण दृष्ट. बाळ गोड दिसलं की गालावर काजळाची तीट. मुलगा पहिला आला की संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. चांगलं उघड बोललं की त्याला नजर लागते, ही समजूत अजून पुसलेली नाही. ती मानणाऱ्यांना हसण्याआधी ऑफिसात दिवसातून किती वेळा ‘टचवुड’ ऐकू येतं ते मोजा. ब्रिटिश माणूस लाकडाला हात लावतो, अमेरिकी माणूस लाकडावर टकटक करतो. दोघांना भीती तीच, आपल्या आजीची.

‘ब्रेक अ लेग’चंही तेच. शब्दशः ‘पाय मोडो तुझा’. ऐकून कुणीही चरकेल. पण रंगमंचावर जाणाऱ्याला उघड शुभेच्छा दिल्या तर उलटं घडतं, अशी तिकडच्या नाटकवाल्यांची समजूत. म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. आपल्याकडे गालावर लावतात ती तीट त्यांनी वाक्याला लावली, एवढंच. सादरीकरणाआधी कुणी हे म्हणालं तर रागवायचं नाही, ‘थँक्स’ म्हणायचं.

कोणता वाक्प्रचार कुठे फसवतो?

काही अगदी जुळतात. ‘अ पॅट ऑन द बॅक’ म्हणजे पाठ थोपटणं. ‘अ फेदर इन युअर कॅप’ म्हणजे शिरपेचात तुरा. हे बेधडक वापरा.

काही नेमके उलटतात. ‘हॅट्स ऑफ’चं मराठी करून ‘तुमच्यापुढे टोपी काढली’ म्हटलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल, कारण मराठीत टोपी उडवणे म्हणजे खिल्ली उडवणे आणि टोपी घालणे म्हणजे फसवणे. तिथे आपण मुजरा करतो, सलाम करतो. बहिणीला मिळालेलं ‘सेव्ह्ड द डे’ हेही असंच. हातची जाणारी वेळ तू सावरलीस, असा त्याचा अर्थ. ते ‘वेळ मारून नेली’ असं कुणी समजलं तर मोठ्या कौतुकाचा टोमणा होतो.

‘पीस ऑफ केक’ जपून. हा आपल्या ‘डाव्या हातचा मळ’चा भाऊ. दुसऱ्याला धीर देताना, ‘तुला हे सहज जमेल’ या अर्थानं तो गोड वाटतो. पण कौतुकाच्या उत्तरात ‘इट वॉज अ पीस ऑफ केक’ म्हटलं की दोन्हीकडून नुकसान. काम सोपं होतं म्हणजे कौतुक कशाचं, आणि इतरांना जमलं नाही म्हणजे ते कच्चे.

‘यू आर किलिंग इट’, ‘यू क्रश्ड इट’ यांत कुणाचा जीव जात नाही. आपणही ‘फोडलंस रे!’ म्हणतोच की. पण हे मित्रांतलं, तरुणांतलं बोलणं. साठीच्या ग्राहकाला लिहिलेल्या मेलमध्ये नको.

आता ‘क्वाइट गुड’. अमेरिकी माणूस म्हणाला तर बहुधा ‘खूप छान’. ब्रिटिश माणूस म्हणाला तर अनेकदा ‘ठीक आहे’. याउलट ब्रिटिश माणसाचं ‘नॉट बॅड ॲट ऑल’ म्हणजे मनापासून पसंती. हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. बहिणीचे वडील, म्हणजे माझे काका, साखर कारखान्यात फिटर होते. बंद पडलेली मिल त्यांनी एकदा पहाटे चालू करून दिली. मोठे साहेब येऊन बघून गेले आणि एवढंच बोलले, ‘बरं झालं काम.’ काकांनी हे वाक्य पुढे वीस वर्षं सांगितलं. कारण त्या साहेबांच्या तोंडून ‘बरं’ निघणं हेच पदक होतं.

वाक्प्रचार पाठ करायलाच हवेत का?

खरं तर नाही. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोन संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यातली जवळपास ७०० प्रशंसावाक्यं गोळा केली होती. त्यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेषण वापरून केलेल्या कौतुकात दोन-तृतीयांश वेळा तीच पाच विशेषणं आली: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी, ग्रेट. वाक्यांच्या रचनाही मोजक्याच. सगळ्या वाक्यांतली सुमारे ८५ टक्के तीन साच्यांत बसली. साधारण ‘अमुक छान आहे’, ‘मला अमुक आवडलं’, ‘हे छान अमुक आहे’ असे ते साचे.

म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, तेही कौतुक करताना साधंच बोलतात. ‘आय रिअली लाइक्ड द वे यू एक्स्प्लेन्ड द सेकंड चार्ट’ हे वाक्य कोणत्याही नटव्या वाक्प्रचाराहून वजनदार आहे, कारण त्यात नेमकं काय आवडलं ते आहे. ‘ऑसम’, ‘सुपर’, ‘माइंडब्लोइंग’ हे शब्द सतत वापरले की नाणं झिजतं, हा माझा अनुभव.

मग उत्तर काय द्यायचं?

आधी ‘थँक यू’ म्हणा आणि क्षणभर थांबा. हा थांबा मराठी माणसाला फार जड जातो. जीभ ‘पण’ म्हणायला वळवळते. तो ‘पण’ गिळायचा. मग एक खरं वाक्य जोडायचं. ‘आय ॲम ग्लॅड इट हेल्प्ड’ चालेल. काम कष्टाचं होतं तर तेही सांगायला हरकत नाही: ‘थँक यू. इट टुक फोर लाँग नाइट्स.’ ही आत्मस्तुती नाही, माहिती आहे.

श्रेय वाटायचं असेल, आणि वाटावंच, तर ते स्वतःचं घेतल्यानंतर वाटा. ‘टीमनं सगळं केलं’ यात ना तुम्ही दिसता ना टीम. त्याऐवजी ज्यानं आकडे तपासले त्याचं नाव घ्या, त्यानं काय केलं ते सांगा. अशा वाक्यानं दोघांचं भलं होतं.

कौतुक लगेच परतवणं टाळा. ‘युअर प्रेझेंटेशन वॉज गुड’ला झटकन ‘युअर्स ऑल्सो’ म्हटलं की ते हळदीकुंकवाच्या वाणासारखं वाटतं, घेतलं म्हणून दिलं. आणि ‘बाय युअर ब्लेसिंग्ज’ नको. ‘तुमच्या आशीर्वादानं’ हे मराठीत गोड आहे, पण तिकडच्या चाळिशीतल्या मॅनेजरला आपण अचानक आजोबा झाल्यासारखं वाटतं.

तुमच्या ‘थँक यू’वर कुणी ‘यू आर वेलकम’ म्हणेल, कुणी नुसतंच ‘शुअर’. लहानपणी आम्ही ऐटीत ‘मेन्शन नॉट’ म्हणायचो. तो ‘डोन्ट मेन्शन इट’चा आपण केलेला देशी अवतार. आपसात चालू द्या, बाहेर पूर्ण वाक्य बरं.

कौतुक लेखी आलं असेल, तर एका ओळीचं उत्तर जरूर पाठवा आणि साहेबांचा पत्ता त्या मेलमधून काढू नका. तोंडी कौतुक हवेत विरतं. मूल्यमापनाच्या वेळी कागद बोलतो.

‘मराठी मीडियम असूनही...’

एका प्रकाराबद्दल वेगळं बोलायला हवं. ‘मराठी मीडियमची असून तुझं इंग्रजी चांगलं आहे हं!’ मांजरीतल्या कितीतरी मुलामुलींना हे ऐकावं लागलं असेल. इंग्रजीत याला ‘बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट’ म्हणतात. मराठीत याहून नेमका शब्द आहे, शालजोडीतला. वरून शाल, आत जोडा.

बोलणाऱ्याच्या मनात दरवेळी जोडा असतोच असं नाही. काहींना खरंच वाटतं की आपण कौतुक केलं. म्हणून भांडू नका, पण लाजूही नका. ‘थँक यू’ म्हणून गप्प बसणं हे एक चांगलं उत्तर आहे, ती शांतता बरंच काही बोलते. ‘येस, माय मराठी मीडियम टीचर्स टॉट मी वेल’ हे दुसरं. ते हसून म्हणता आलं पाहिजे. मला स्वतःला हे दुसरं आवडतं, कारण त्यानं शाल शिक्षकांच्या खांद्यावर जाते आणि जोडा ज्याचा त्याच्याकडे राहतो.

कौतुक करताना कुठे जपायचं?

पहिली गोष्ट, पायरी. ‘शाबास’ हा शब्द फारसीतून आला, मूळ ‘शाद बाश’ म्हणजे आनंदी राहा. तो मोठ्यानं लहानाला म्हणायचा. आपण वडिलांना ‘शाबास बाबा’ म्हणतो ते थट्टेत. इंग्रजी ‘वेल डन’, ‘गुड जॉब’ यांचा ओघही बराचसा वरून खाली असतो. वरिष्ठांना ‘गुड जॉब, सर’ म्हणण्यापेक्षा ‘आय लर्न्ड अ लॉट फ्रॉम युअर टॉक’ म्हणा.

दुसरी गोष्ट, शरीर. ‘तब्येत सुधारली हं!’, ‘काय बारीक झालीस गं, जेवतेस की नाही?’ या मराठी घरातल्या मायेच्या ओळी आहेत. इंग्रजीत ‘यू हॅव पुट ऑन वेट’ हा सरळ अपमान आहे. रंग, वजन, केस गळणं हे विषय ऑफिसात काढूच नयेत. मराठीतही काढू नयेत, असं माझं मत आहे. घरातल्या मुलींनाही ते बोलणं आवडतं असं नाही, त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

तिसरी गोष्ट कायद्याची. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. लैंगिक रोखाची शेरेबाजी या कायद्याच्या कक्षेत येते, आणि ‘मी तर कौतुकच केलं’ हा तिथला बचाव नव्हे. कायद्याच्या व्याख्येत कळीचा शब्द आहे ‘नकोसं’. ते नकोसं होतं का, हे ऐकणारी सांगते. त्यामुळे सहकारी महिलेच्या दिसण्याऐवजी तिच्या कामाचं, मांडणीचं, निर्णयाचं कौतुक करा. ते तिला आठवडाभर पुरेल.

सवय बदलते का?

बदलते, आणि तीही एका पिढीत. भाषाशास्त्रज्ञ राँग चेन यांनी चीनमधल्या शीआन शहरात कौतुकाला लोक काय उत्तर देतात, याचा अभ्यास करून १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हा जवळपास सगळी उत्तरं आपल्या ‘छे छे’सारखी, नाकारणारी होती. पुढे त्याच शहरात सहकाऱ्याबरोबर त्यांनी तोच अभ्यास पुन्हा केला. तो २०१० मध्ये आला, तेव्हा निम्म्याहून जास्त उत्तरं कौतुक स्वीकारणारी निघाली. मधल्या काळात शहरात बाहेरचं जग आलं होतं. मांजरीतही ते येतंच आहे.

मात्र घरातली फेरी बंद करायची गरज नाही. आईनं केलेल्या भाकरीचं कौतुक केल्यावर तिचं ‘कसली रे, करपलीय जरा’ हे वाक्य आपल्याला हवंच असतं. त्याला ‘नाही गं, छान झालीय’ म्हणण्यात जी मजा आहे ती ‘थँक यू’, ‘वेलकम’मध्ये नाही. भाषा दोन असल्या की रीतीही दोन सांभाळता येतात, घरातल्या चपला आणि बाहेरचे बूट सांभाळतो तशा.

गेल्या महिन्यात बहिणीच्या कॉलवर पुन्हा तसाच प्रसंग आला. ‘यू नेल्ड इट’, त्याच बाई म्हणाल्या. ही म्हणाली, ‘थँक यू. इट वॉज अ टफ वन,’ आणि गप्प बसली. ते तीन सेकंद तासासारखे गेले, असं तिनं सांगितलं. त्यानंतर तिनं आकडे तपासणाऱ्या मुलाचं नाव घेतलं.

संध्याकाळी हे सगळं ऐकून आजीनं विचारलं, ‘नेल्ड म्हणजे?’

‘खिळा ठोकला, आजी. म्हणजे काम एकदम पक्कं केलं.’

‘इतक्या लोकांसमोर म्हणाली?’

‘हो ना.’

आजी उठली आणि स्वयंपाकघरातून मीठ-मोहरी घेऊन आली.